भाजलेलं बी

(तवा, त्यावर मूठभर बी)

तवा तापलाय. बियांचा रंग काळवंडतोय, आकार मात्र जसाच्या तसा. हे बी आता मातीत पेरलं तरी उगवणार नाही. पतंजलींच्या योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात, म्हणजे जुन्या टीकेत, मनातल्या क्लेशांसाठी, द्वेषासारख्या छळणाऱ्या दोषांसाठी, हाच दाखला येतो, दग्धबीजाचा.

मनात उठलेली प्रत्येक वृत्ती, म्हणजे मनाची प्रत्येक हालचाल, मागे ठसा ठेवते, तो संस्कार. त्या संस्कारातून पुन्हा तशीच वृत्ती उठते. भाष्यकार याला अखंड फिरणारं चक्र म्हणतात.

(हातांचं जवळून दृश्य)

ते चक्र इथे, या बाईंच्या हातांत दिसतं. बाहेर दार आपटलं आणि मूठ वळली. विचार अजून आलेलाही नाही. आधी मूठ, मग छातीत धडधड, मग तोंडून नको ते शब्द. समुपदेशनाला येण्याआधी या बाई म्हणायच्या, "माझा स्वभावच तसा." स्वभाव म्हटलं की आपण शोध थांबवतो, फार लवकर थांबवतो.

पतंजलींनी क्लेशांच्या 4 अवस्था सांगितल्या: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न, उदार. निजलेला, क्षीण झालेला, तात्पुरता दबलेला आणि उसळलेला. उसळलेल्या रागाला समजावण्यात अर्थ नसतो. म्हणून इथे समुपदेशनात काम चालतं ते मूठ वळते त्या क्षणावर.

(श्वास. दृश्य लांबू द्यावं)

श्वास आत, 4 अंक. बाहेर, 8 अंक. श्वास सोडताना व्हेगस नर्व्ह, मेंदूकडून हृदयाकडे येणारी नस, हृदयाचे ठोके जरा मंद करते. खांदे बघा, आपोआप उतरले.

एवढी उसंत मिळाली की प्रतिपक्षभावना, म्हणजे उलट बाजूचा विचार. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातलं, म्हणजे भागातलं, 33वं सूत्र. रागावर गोड विचाराची पट्टी चिकटवणं म्हणजे प्रतिपक्षभावना, असा समज आहे, तो चुकीचा. पुढचंच सूत्र सांगतं, या वृत्तीचं फळ काय ते डोळ्यांपुढे आणा: न संपणारं दुःख आणि अज्ञान. समुपदेशक विचारतात, "मागच्या वेळी ते शब्द बोललात, त्यानंतर काय झालं?" बाई बराच वेळ गप्प राहतात.

(वही)

रोजची एक ओळ. मूठ कधी वळली, कधी लक्षात आली. अभ्यास, म्हणजे हा सराव, दृढ व्हायला पतंजली 3 गोष्टी मागतात: दीर्घकाळ, खंड न पाडणं आणि मनापासून करणं. बी पुरतं जाळणं हे विवेकाचं काम, फार पुढचं. उपचारात आधी क्लेश तनु होतो, आणि ते थोडं नव्हे.

मुलीशी बोलणं पुन्हा सुरू झालंय, झोपही लागते.

(दार आपटतं. बोटं वळतात, अर्ध्यावर थांबतात. निवेदन नाही.)