पाय आत, गुडघे वाकलेले

श्रोतेहो, नमस्कार. जमत असेल तर बसल्या जागेवरून जरा उठा. टाचा जवळ, चवडे बाहेर, असं उभं राहा. बॅले शिकणारं मूल पहिल्या धड्यापासून हेच घोटतं. पाय वळवायचे ते खुब्यातून. नुसते घोट्यातून वळवले तर मांडी एकीकडे, पाऊल दुसरीकडे, आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. आता उलट करा. अंगठे एकमेकांकडे, गुडघे किंचित वाकलेले. अंग चोरल्यासारखं वाटतं ना?

या फरकाचा सुंदर उपयोग केला नृत्यरचनाकार मिखाईल फोकिन यांनी. १९११ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आलेल्या त्यांच्या 'पेत्रुश्का' या बॅलेत जत्रेतल्या तीन बाहुल्या आहेत. त्यातला मूर नावाचा बाहुला तोऱ्यात वावरतो, त्याचे पाय बाहेर. पेत्रुश्का बुजरा, दुखावलेला, त्याचे पाय आत. एक शब्द न बोलता स्वभाव कळतो. पेत्रुश्काची ती भूमिका वास्लाव निजिन्स्की यांची.

दोनच वर्षांनी, २९ मे १९१३ रोजी, पॅरिसमध्येच निजिन्स्की यांनी रचलेला 'वसंताचा विधी' हा बॅले सादर झाला. संगीत इगोर स्त्राविन्स्की यांचं. फोकिन यांनी एका पात्राला दिलेली पायांची ठेवण निजिन्स्की यांनी अख्ख्या जमातीला दिली. माझ्या मते त्या काळातलं सर्वांत धाडसी पाऊल हेच. ही माणसं प्राचीन रशियातली, धरतीला पुजणारी. तरंगणं त्यांच्या अंगात नाही.

नर्तकांचे हाल मात्र झाले. बॅलेतली उडी उतरते ती बोटं, चवडा, टाच अशा क्रमानं, आणि गुडघे वाकून धक्का जिरवतात. इथे अख्खा तळवा जमिनीवर आदळायचा. हादरा नडगीतून थेट पाठीच्या कण्यात.

त्यात लय. पडदा उघडल्यावरच्या पहिल्या नाचाची सुरुवात टेबलावर वाजवून बघा. सारख्या गतीनं ३२ ठोके, जोर फक्त १०, १२, १८, २१, २५ आणि ३० वर. तबल्याला सरावलेला कान सम शोधत राहतो, ती सापडत नाही. हे हिशेब नर्तकांकडून पक्के करून घेण्यासाठी अंगाच्या हालचालींतून लय शिकवणाऱ्या दाल्क्रोझ पद्धतीत शिकलेल्या मारी राम्बेर यांना खास बोलावलं होतं. शंभराहून जास्त तालमी झाल्या.

आणि पहिल्याच रात्री प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात वाद्यवृंद नर्तकांना ऐकू येईना. निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभे राहून आकडे ओरडत होते. रशियनमध्ये अठराला म्हणतात 'वोसेमनात्सात'. ठोका एक, उच्चाराचे तुकडे चार! ओरडून मोजतानासुद्धा लय हातची निसटणार.

मोजक्या प्रयोगांनंतर ही रचना बंद पडली. १९२० मध्ये त्याच संगीतावर लिओनिद मासिन यांनी वेगळा बॅले बसवला. राम्बेर यांच्या स्वरलिपीवरच्या टिपणांवरून आणि व्हॅलेंटाइन ग्रोस यांच्या रेखाटनांवरून मिलिसेंट हॉडसन व केनेथ आर्चर यांनी मूळ रचना पुन्हा जुळवली. १९८७ साली अमेरिकेच्या जॉफ्री बॅलेनं ती सादर केली. तिचं चित्रीकरण मिळालं तर शेवटचा भाग जरूर पाहा. बळीसाठी निवडलेली मुलगी मधोमध बराच वेळ निश्चल उभी असते, पाय आत वळलेले, गुडघे वाकलेले. भोवती बाकीच्यांचं रिंगण. मग तिची पहिली उडी येते. ती जमिनीवर कशी उतरते, तेवढं कान देऊन ऐका.