‘यू ऑल राइट?’ला उत्तर काय द्यायचं

श्रोतेहो, नमस्कार.

कळंगुटच्या किनाऱ्यावर एका शॅकमध्ये कामाला लागलेला माझा एक विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात चेहरा पाडून माझ्याकडे आला. म्हणाला, “सर, एक इंग्रज आजोबा येतात. रोज सकाळी मला विचारतात, यू ऑल राइट? मी आजारी दिसतो का हो?” दोन दिवस त्यानं त्यांना अगदी मनापासून सांगितलंही होतं, की रात्री झोप झाली नाही, डोकं ठणकतंय. आजोबा गोंधळायचे, मान हलवायचे आणि आपल्या खुर्चीकडे वळायचे.

त्या दोन शब्दांचे अर्थ मुलाला शाळेपासून पाठ होते. पण ब्रिटनमध्ये ते म्हणजे आपलं “काय, बरंय ना?” वाटेत भेटलेल्या माणसाला आपण असं विचारतो तेव्हा त्याच्या तब्येतीचा सगळा पाढा ऐकायचा नसतो. “बरंय, तुमचं?” म्हणायचं नि पुढं व्हायचं. तेच आजोबा सुटे पैसे हातात पडले की “चिअर्स” म्हणत. समोर ग्लास नाही, मेजवानी नाही. तिथं चिअर्स म्हणजे नुसतं ‘आभारी आहे’.

उलट बाजूनं बघा. एखादा परदेशी माणूस शब्दकोश घेऊन मराठी शिकतोय आणि त्याच्या कानावर पडलं, “माझी वाट लागली.” वाट म्हणजे रस्ता, लागली म्हणजे सापडली असेल. बिचारा अभिनंदन करायला हात पुढं करील! “पोपट झाला”चं तर विचारूच नका. म्हणून मी मुलांना सांगतो, शब्द ऐकलात की आधी बघा तो कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय आणि कुठल्या वेळी.

कोण म्हणतंय, याला फार महत्त्व आहे. आपल्याकडची कितीतरी पोरं बोटीवर जातात, केबिन सांभाळतात. अमेरिकन प्रवासी “माझी पँट्स धुवायला न्या” म्हणाला तर ती विजार. ब्रिटिश प्रवाशाच्या तोंडी पँट्स म्हणजे आतले कपडे. अमेरिकन म्हणाला, “ती माझ्यावर मॅड आहे,” तर ती रागावली आहे. ब्रिटनमध्ये नुसतं “ती मॅड आहे” म्हटलं, तर बहुतेक वेळा तिचं डोकं फिरलंय असा अर्थ. शब्द तोच, पण माणूस बदलला की अर्थ बदलतो.

काही शब्दांची गोष्ट कळली की ते विसरायला होत नाहीत. “आय अ‍ॅम नॅकर्ड” म्हणजे मी पार मेटाकुटीला आलो. नॅकर म्हणजे म्हातारी, निकामी घोडी कापण्यासाठी विकत घेणारा माणूस. त्याच्या दारी जाण्याइतका थकलो, असा तो भाव. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या लोकांची तर यमकांची बोली आहे. जिना म्हणायचा तर ‘अ‍ॅपल्स अँड पेअर्स’, कारण पेअर्सचं स्टेअर्सशी यमक जुळतं. यात नवख्या माणसानं डोकं घालू नये, हे माझं स्पष्ट मत.

पण एक शब्द मला फार जवळचा वाटतो. ब्रिटिश माणूस कुणाबद्दल म्हणतो, “ही हॅज गॉन डूलॅली,” म्हणजे याचं डोकं ठिकाणावर नाही. हे डूलॅली कोण? आपल्या नाशिकजवळची देवळाली! इंग्रजांच्या काळात तिथं लष्कराची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथं थांबत. जहाजं वर्षभर नसत, त्यामुळे महिनेच्या महिने जात. हाताला काम नाही, वर ऊन, घरची ओढ. काहींचं चित्त बिघडे. त्याला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला तापच. पुढं टॅप गळला, डूलॅली राहिलं. आज ते म्हणणाऱ्या बहुतेकांना देवळाली नकाशावर दाखवता येणार नाही. आपलाच ‘पक्का’ तिकडं ‘पका’ होऊन ‘एकदम झकास’ या अर्थानं फिरतो. आपणही जनेल, चावी, बटाटा, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून घेतले आणि घरचेच करून टाकले. परक्या शब्दाची भीती गोवेकरानं बाळगावी असं काही नाही.

तरी एक सांगणं आहे, आणि ते मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगतो. असे शब्द कळले पाहिजेत, पण ते लगेच जिभेवर आणायची घाई नको. नोकरीच्या मुलाखतीत “आय अ‍ॅम नॅकर्ड” म्हणू नका. तिथं साधं “टायर्ड”च बरं. पाहुणा तुम्हाला “मेट”, म्हणजे दोस्ता, म्हणाला, तरी तुम्ही त्याला “सर”च म्हणा. तो स्वतः नको म्हणेपर्यंत.

त्या मुलाला मी खिशात मावेल एवढी वही आणायला सांगितली. शब्द लिहायचा, तो कुणी म्हटला ते लिहायचं आणि म्हटल्यावर त्या माणसानं काय केलं तेही लिहायचं. पंधरा दिवसांनी त्यानं वही दाखवली. पहिल्या पानावर होतं: “यू ऑल राइट. आजोबा. सकाळी साडेआठ. मी म्हटलं, ऑल राइट, अँड यू? आजोबा हसले, खुर्ची ओढून बसले आणि चहा मागितला.”