गळ्याला रुमाल बांधलेला माणूस

(दृश्य : परळ, सकाळ. रुग्णालयाबाहेरचा फूटपाथ.)

कॅन्सरचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तेव्हापासून परळच्या या रस्त्यावर बाहेरगावचा पेशंट फाईल घेऊन उभा आहे. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेला, कुणी नाना पालकर स्मृती समितीत. ओळखी व्हायला इथे वेळ लागत नाही. 'तुमचं कुठलं?' असं विचारलं, की लोक गाव नाही, अवयव सांगतात. मग पुढचं : किती केमो झाल्या? शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला का?

घरचे म्हणतात, 'काही होत नाही, धीर धर.' त्यांचं चुकत नाही. पण उलट्या थांबल्यावर पोटात काय ठरतं, हे त्यांना कुठून माहीत असणार? ते शेजारच्या खाटेवरच्याला विचारायचं. औषधाचं मात्र त्याला विचारू नये. आजाराचं नाव एक असलं तरी प्रत्येकाची फाईल वेगळी.

(दृश्य : वॉर्ड. उद्या ऑपरेशन असलेला पेशंट.)

घशाच्या कॅन्सरमध्ये कधी कधी स्वरयंत्रच काढावं लागतं. त्यानंतर श्वास नाकातोंडाने नाही, गळ्याला पुढून केलेल्या छिद्रातून घ्यायचा. डॉक्टर चित्र काढून समजावतात. माणूस मान डोलावतो, सही करतो. डोक्यात मात्र एकच, आता आपण मुके होणार.

अशा वेळी एखादा जुना पेशंट भेटायला येतो. गळ्याला रुमाल. रुमालाखाली अंगठा नेऊन तो छिद्र दाबतो आणि चक्क बोलतो! आवाज घोगरा, बसका, पण शब्द कळतात. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये सिलिकॉनची छोटी झडप बसवलेली असते. छिद्र दाबलं की फुप्फुसातली हवा त्या झडपेतून अन्ननलिकेत वळते, तिथलं अस्तर थरथरतं आणि आवाज उमटतो. कुणी झडपेशिवाय, हवा आत घेऊन ढेकर काढावी तशी वर आणत बोलायला शिकतं. त्याला चिकाटी लागते. पद्धत तज्ज्ञ शिकवतात. आज एक अक्षर, उद्या तेही नाही, असे दिवस कसे काढायचे ते हा रुमालवाला सांगतो.

बाईला हा घोगरा आवाज आपला म्हणायला फार जड जातं. तिच्याकडे बाईच पाठवावी.

मग प्रश्न सुरू होतात, डॉक्टरांपुढे विचारायला लाज वाटेल असे. आंघोळ? करायची, पण छिद्रात पाणी जाऊ द्यायचं नाही, तांब्या खांद्यावरून ओतायचा. विहिरीतलं पोहणं बंद. वास? हवा नाकातून जातच नाही, तेव्हा फारसा येत नाही. गॅस गळला तरी कळायचं नाही, घरच्यांना सांगून ठेवायचं. धुळीत रुमाल सोडायचा नाही.

आणि चहा?

चहा चालतो. फुंकर मारता येत नाही, म्हणून बशीत ओतून प्यायचा.