पैशांसाठी परत आलो, म्हणणारा बँड

श्रोतेहो, नमस्कार.

तारीख २३ जून १९९६. उत्तर लंडनमधलं फिन्सबरी पार्क. आदल्याच दिवशी इंग्लंडनं युरो स्पर्धेत स्पेनला पेनल्टीवर हरवलेलं, त्यामुळे गर्दी आधीच तापलेली. त्या संघातले स्टुअर्ट पिअर्स आणि गॅरेथ साउथगेट मंचावर येतात आणि ब्रिटिश पंक रॉकमधल्या गाजलेल्या बँडचं नाव पुकारतात : सेक्स पिस्टल्स! (तीन दिवसांनी जर्मनीविरुद्ध साउथगेटची पेनल्टी अडवली गेली, ते दुखणं निराळं.)

वीस वर्षांपूर्वी याच पोरांना कुणी दारात उभं करत नव्हतं. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं करार मोडला, ए अँड एम या दुसऱ्या कंपनीनं तर आठवड्याभरात हात झटकले. मग जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावरून गायक जॉनी रॉटननं लोकांना विचारलं, फसवल्यासारखं वाटतंय का कधी? आणि खेळ खलास, बँड फुटला.

अठरा वर्षांनी परतताना त्यांनी सोज्वळपणा केला नाही. आम्हाला एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे तुमचे पैसे, असं पत्रकारांना तोंडावर सांगितलं. दौऱ्याचं नावही तेच, 'फिल्दी ल्यूकर', बायबलातला 'अमंगळ पैसा'. फिन्सबरी पार्कच्या त्या मैफलीचा 'फिल्दी ल्यूकर लाइव्ह' हा अल्बम पुढच्याच महिन्यात बाजारात आला.

आणि गंमत अशी, की तो चांगला आहे! बँडचा तेव्हाचा बासवादक सिड व्हिशस पंकचा चेहरा खरा, पण त्याला बास, म्हणजे खर्जातली गिटार, धड वाजवता येत नव्हता. १९७७ च्या अल्बमवर बराचसा बास गिटारवाल्या स्टीव्ह जोन्सनंच वाजवला होता. इथे सिडच्या आधीचा बासवादक ग्लेन मॅटलॉक परतलाय, ज्याचा मूळ गाण्यांच्या रचनेत मोठा हात होता. पॉल कुकच्या ड्रमला त्याचा बास असा बिलगतो, की चाळिशीतल्या रॉटनचा घोगरा आवाज त्यावर निवांत रेलून बसतो.

पण खरं सांगू? या बँडचा वारसा सफाईत नाही. तो शोधायचा तर ४ जून १९७६ च्या मँचेस्टरला जावं लागतं. पिस्टल्सचा कार्यक्रम, छोटं सभागृह, जेमतेम चाळीसेक माणसं. कार्यक्रम ठरवणाऱ्या दोन पोरांचा बँड म्हणजे बझकॉक्स. प्रेक्षकांतल्या पीटर हूकनं दुसऱ्याच दिवशी बास विकत घेतला, बर्नार्ड समनर त्याच्या जोडीला होता, त्यातून जॉय डिव्हिजन हा बँड उभा राहिला. मंचावरची तीन कॉर्ड्सची धडपड बघून त्यांना वाटलं, अरे, हे तर आपल्यालाही जमेल. उस्तादाची मैफल ऐकून माणूस घरी जातो आणि तंबोरा गवसणीत घालून ठेवतो. इथे उलटं झालं.

फिन्सबरी पार्कला पिस्टल्सच्या आधी बझकॉक्सही वाजवून गेले होते.

अल्बममधलं पहिलं गाणं शिव्यांमुळे इथे लावता येणार नाही. म्हणून 'प्रिटी व्हेकंट' ऐका. त्याची सुरुवातीची गिटार मॅटलॉकला सुचली, म्हणे, आबा या स्वीडिश पॉप बँडच्या 'एसओएस' गाण्यावरून!