कॅन्ससचा संघ आणि १९५७ चा अंतिम सामना

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस ओसरायला लागला की नाशिकच्या महाविद्यालयांत बास्केटबॉलच्या निवड चाचण्यांची गडबड सुरू होते. मैदानावर पहिला प्रश्न ठरलेला: उंच पोरगा कोण आहे? आज ज्या संघाबद्दल बोलायचं आहे, त्याच्याकडे २१६ सेंटिमीटर उंचीचा पोरगा होता. तरी तो संघ १९५७ च्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना एका गुणाने हरला. अमेरिकेतल्या लॉरेन्स या गावचा, कॅन्सस विद्यापीठाचा हा पुरुष संघ.

या संघाचा पहिला प्रशिक्षक म्हणजे ज्याने हा खेळ शोधून काढला तोच माणूस, डॉ. जेम्स नेस्मिथ. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत त्यांनी सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. म्हणून आजही रिंग दहा फुटांवरच असते, जगभर आणि आपल्या नाशिकमध्येही. १८९८ मध्ये नेस्मिथ कॅन्ससला आले. नऊ हंगामांत संघाने ५५ सामने जिंकले, ६० हरले. त्या विद्यापीठात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले प्रशिक्षक ते एकटेच. त्यांचा जीव शरीरशिक्षणात होता. खेळ मुलांनी खेळावा, त्यात डावपेच शिकवण्यासारखं फारसं काही नाही, असं त्यांना वाटे.

डावपेच आणले ते त्यांच्या शिष्याने, फॉग अ‍ॅलन यांनी. १९०७ ते १९०९ आणि मग १९१९ ते १९५६, इतका काळ संघ त्यांच्या हाताखाली होता. १९५२ ची राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली. त्या संघात राखीव खेळाडू म्हणून डीन स्मिथ नावाचा एक मुलगा होता. पुढे तो नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा नामांकित प्रशिक्षक झाला.

तो २१६ सेंटिमीटरचा पोरगा म्हणजे विल्ट चेंबरलेन. त्याला कॅन्ससला आणलं तेही अ‍ॅलन यांनीच. पण तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे, आणि विद्यापीठात सत्तरीला निवृत्ती सक्तीची होती. विल्टचं पहिलं वर्ष संपेपर्यंत अ‍ॅलन यांची सत्तरी भरली होती. संघ डिक हार्प यांच्याकडे गेला. डिसेंबर १९५६ मध्ये विल्टने मुख्य संघातून पहिला सामना खेळला: ५२ गुण, ३१ रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत आलेला चेंडू ३१ वेळा पकडला. पुन्हा सांगतो, पहिल्याच सामन्यात ५२ गुण आणि ३१ रिबाउंड. त्याच हंगामापासून महाविद्यालयीन खेळात रिंगसमोरचा पट्टा सहा फुटांऐवजी बारा फूट रुंद केला होता, म्हणजे उंच खेळाडूने रिंगखाली तळ ठोकू नये. विल्टला त्याने फारसा फरक पडला नाही.

आता तो सामना. २३ मार्च १९५७, कॅन्सस सिटीचं म्युनिसिपल ऑडिटोरियम. लॉरेन्स तिथून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे प्रेक्षक कॅन्ससचे. समोर नॉर्थ कॅरोलिना, त्या हंगामात एकही सामना न हरलेला संघ. पण पाय थकलेले, कारण आदल्या रात्रीच मिशिगन स्टेटविरुद्ध बरोबरी फोडण्यासाठी पाच-पाच मिनिटांचे तीन जादा डाव खेळून ते उपांत्य सामना जिंकले होते.

सुरुवातीच्या जंप बॉलला, म्हणजे पंच वर फेकतो तो चेंडू उडी मारून मिळवायला, विल्ट मध्यवर्तुळात उभा राहिला. कॅरोलिनाचे प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर यांनी त्याच्यासमोर टॉमी कर्न्सला पाठवलं. उंची १८० सेंटिमीटर! समोरच्यापेक्षा ३६ सेंटिमीटर कमी. हिशेब सरळ होता. जंप बॉल विल्टच जिंकणार, मग आपला उंच खेळाडू तिथे वाया का घालवायचा? शिवाय विल्ट बिचकला तर तेवढाच फायदा.

कॅन्ससने चौघांचा झोन लावला, म्हणजे चौघांनी माणूस नव्हे तर आपापली जागा राखायची, आणि पाचवा माणूस कॅरोलिनाच्या लेनी रोझनब्लूथच्या मागे सोडला. बाकीचे मोकळे सुटले आणि त्यांनी लांबून नेम साधला. मध्यंतराला कॅरोलिना २९, कॅन्सस २२. दुसरीकडे कॅरोलिनाचा झोन विल्टभोवती आवळला होता, कबड्डीत चढाईपटूभोवती साखळी आवळावी तसा. विल्टची उंची कमी करणं कुणाच्याच हातात नव्हतं. चेंडू त्याच्यापर्यंत जाऊ न देणं हातात होतं.

उत्तरार्धात कॅन्ससने पिछाडी भरून काढली, आघाडीही घेतली. मग त्यांनी चेंडू नुसता धरून ठेवला. तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत चेंडू रिंगकडे मारायला लावणारं घड्याळ, नव्हतं. महाविद्यालयीन खेळात ते १९८५ मध्ये आलं, आधी ४५ सेकंदांचं, आता ३० सेकंदांचं. माझ्या मते कॅन्ससचं चुकलं ते इथेच. दमलेल्या प्रतिस्पर्ध्याला त्यांनी आयती विश्रांती दिली. रोझनब्लूथ पाच फाउल होऊन बाहेर गेला, तरी कॅरोलिनाने बरोबरी गाठली: ४६-४६.

पहिला जादा डाव, दोघांचे दोन-दोन गुण. दुसरा जादा डाव, पाच मिनिटांत एकही गुण नाही. ऐका, पाच मिनिटांत शून्य! तिसऱ्या डावात कॅन्सस ५३-५२ असं पुढे, आणि सहा सेकंद उरले असताना कॅरोलिनाच्या जो क्विगवर फाउल झाला. दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता रिंगवर मारायचे दोन नेम. पहिला आत, दुसराही आत. ५४-५३. कॅन्ससने शेवटचा पास विल्टकडे टाकला, तो पोहोचण्याआधीच क्विगचा हात चेंडूला लागला. चेंडू कर्न्सकडे आला आणि त्याने तो छताच्या दिशेने उंच भिरकावला. खाली येईपर्यंत वेळ संपली होती. विल्टचे २३ गुण होते, स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच ठरला. चषक मात्र गेला.

असे सामने धावत्या समालोचनातून मराठीत ऐकायला मिळायला हवेत. क्रिकेट आणि कबड्डीला मिळतं ते बास्केटबॉललाही मिळायला हवं. या खेळाचा वेग कानाला फार छान लागतो. आणि फ्री थ्रोचा विषय निघालाच आहे, तर मैदानं सांभाळणाऱ्यांना हात जोडून विनंती: रिंगला जाळी लावा. नुसत्या लोखंडी कड्यातून चेंडू मध्यातून गेला की कडेने, हे मुलाला नीट कळत नाही, आणि नेम सुधारत नाही.

कॅन्ससने त्यानंतर १९८८, २००८ आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. २०२२ च्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा नॉर्थ कॅरोलिना. मध्यंतराला कॅन्सस २५-४० असं मागे, आणि शेवटी ७२-६९ ने विजयी.

आता आपल्या संघांसाठी. समोर उंच सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा खेळाडू, असेल तर त्याच्या पाठीमागे उभं राहू नका. चेंडू आणि तो यांच्या मध्ये या, एक हात वर ठेवा, अंगाने त्याचा अंदाज घेत राहा, पण हाताने धरू नका. तो फाउल आहे. चेंडू कोपऱ्यात गेला की पुढचा पाय टाकून पुन्हा मध्ये या. मग समोरचा संघ डोक्यावरून पास टाकणार. त्यासाठी चेंडूपासून दूरच्या बाजूच्या खेळाडूने रिंगसमोरच्या पट्ट्यात एक पाय ठेवून उभं राहायचं.

हे फसतं दोन ठिकाणी. चेंडू हातात असलेल्याला मोकळं सोडलं तर तो निवांत बघून पास टाकतो. म्हणून त्याच्या अंगावर दबाव हवाच. दुसरं म्हणजे शॉट सुटल्यावर पुढे उभा असलेला बचावपटू रिबाउंडला बाहेर राहतो. तेव्हा दूरच्या खेळाडूनेच सेंटरला पाठीने अडवायचं. सराव तीन विरुद्ध तीन, पाच मिनिटांचा. बास्केट मोजायचीच नाही. सेंटरच्या हातात चेंडू पडला की हल्ला करणाऱ्यांना एक गुण, पास अडवला की बचावाला एक. नमस्कार.