डबा उलटा फिरवा

नमस्कार, श्रोते हो.

ट्रॅक्टरवाले भेटोत की ट्रकवाले, मला एकच प्रश्न हमखास विचारला जातो. सिंथेटिक ऑइल घालू की साधं? मी उलट विचारतो, इंजिनला टर्बो, म्हणजे आत जादा हवा कोंबणारा पंखा, आहे का? सायलेन्सरच्या रांगेत काजळी अडवणारा फिल्टर आहे का? गाडीच्या पुस्तकात काय छापलंय? पुस्तकाचं नाव काढलं की समोरचा माणूस दुसरीकडे बघायला लागतो. पुस्तक घरातच असतं, आणि बहुतेक वेळा ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा निघालेलं नसतं.

म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, मधूनमधून परत सांगेन. ऑइलचा डबा हातात घेतला की उलटा फिरवा. पुढे मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय ते राहू द्या. मागची बारीक अक्षरं वाचा.

मागे दोन गोष्टी शोधायच्या. पहिली म्हणजे ग्रेड. १५डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-४० असं काहीतरी असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितकं ऑइल थंड इंजिनमध्ये लवकर वर चढतं. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनचा, शंभर अंश सेल्सिअसला मोजलेला. आता नीट ऐका. ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइलं शंभर अंशाला एकाच पट्ट्यात बसतात. म्हणजे ‘पाच नंबर पातळ, तापल्यावर पाणी होईल’ ही भीती निराधार आहे. फरक सकाळी स्टार्टर मारताना पडतो. इंजिन तापलं की दोन्ही चाळिसाचीच.

दुसरी गोष्ट एपीआयची, म्हणजे ऑइलचे वर्ग ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेची अक्षरं. सी ने सुरू होणारी अक्षरं डिझेलसाठी, एस ने सुरू होणारी पेट्रोलसाठी. सीआय-४ हा वर्ग २००२ मध्ये आला, सीके-४ डिसेंबर २०१६ मध्ये. सीके-४ जुन्या वर्गांच्या जागीही चालतं, पण त्याच्याबरोबरच आलेलं एफए-४ तसं चालत नाही. ते मुद्दाम पातळ ठेवलेलं आहे, ठरावीक नव्या इंजिनांसाठी. पुस्तकात एफए-४ छापलेलं नसेल तर त्या डब्याला हात लावू नका. कितीही महाग असू दे, कितीही सिंथेटिक असू दे.

आणि सिंथेटिक म्हणजे तरी काय? अमेरिकेत १९९९ साली यावरून मोबिल आणि कॅस्ट्रॉल या दोन कंपन्यांत जुंपली होती. मोबिलचं म्हणणं असं, की खरं सिंथेटिक प्रयोगशाळेत रेणू जोडून तयार होतं, कच्चं तेल कितीही शुद्ध केलं तरी त्याला सिंथेटिक म्हणू नये. जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या मंडळानं कॅस्ट्रॉलच्या बाजूनं कौल दिला. तेव्हापासून हायड्रोजनच्या प्रक्रियेनं अगदी शुद्ध केलेलं खनिज ऑइल, ज्याला ग्रुप थ्री म्हणतात, तेही बऱ्याच ठिकाणी सिंथेटिक म्हणून विकलं जातं. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, चांगलंच असतं. पण पुढच्या बाजूचा तो शब्द तुम्हाला पुरेसं काही सांगत नाही. म्हणून डबा उलटा फिरवा.

आता तात्यांची गोष्ट. ही मी आधीही सांगितली असेल. ज्यांनी ऐकली आहे त्यांनी परत ऐका.

मी वर्कशॉपमध्ये काम करायचो तेव्हा आमच्याकडे एक मिस्त्री होते. बोलायचे कमी, पण कान असा की गाडी गेटमधून आत येतानाच कुठलं नोजल बिघडलंय ते सांगायचे. एक दिवस तात्या आले. हातात काचेची बाटली, बाटलीत काळंकुट्ट ऑइल, आणि चेहरा त्याहून काळा. आल्या आल्या बाटली टेबलावर आपटली.

“मिस्त्री, फसवलं मला. डुप्लिकेट माल आहे हा.”

तात्यांचा ट्रॅक्टर जुना, बिनटर्बोचा, धट्टाकट्टा. वर्षानुवर्षं त्यात एकच ग्रेडचं साधं ऑइल पडायचं, तेही आठवण झाली की. तासांचा मीटर केव्हाच बंद पडलेला. (हा मीटर कुणी दुरुस्त का करत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. ट्रॅक्टरला किलोमीटरचा हिशोब नसतो, सगळा हिशोब तासांचा. तो मीटर बंद म्हणजे ऑइल बदलायचं ते अंदाजानंच. हेडलाइट गेला की माणूस त्याच दिवशी पळतो, मीटर मात्र मेलेलाच राहतो.) असो.

तर पुतण्यानं हौसेनं सिंथेटिकचा डबा आणला होता. अगदी चांगला, डिझेलचाच, योग्य अक्षरांचा. जुनं ऑइल काढलं, नवं घातलं. दुसऱ्या दिवशी तात्यांनी ऑइल मोजायची काडी ओढून बघितली तर ऑइल काळं. जुनं ऑइल कित्येक दिवस तपकिरी दिसायचं आणि हे महागडं एका दिवसात काळं! तात्यांनी ते सगळं चेंबरमधून, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातून, सोडून दिलं आणि दुसरा डबा ओतला. तोही काळा. आता मात्र ते बाटली भरून थेट आमच्याकडे आले.

मिस्त्रींनी बाटली उजेडात धरली आणि विचारलं, “तात्या, कपडे धुतलेलं पाणी काळं निघालं तर साबणाला शिव्या देता का?”

तात्या काही बोलले नाहीत. पटलंही नव्हतं.

ते पटायला चेंबर उघडावं लागलं. ट्रॅक्टर आणवला, बोल्ट काढून चेंबर खाली घेतलं. तळाशी डांबरासारखा थर बसलेला. मिस्त्रींनी पत्र्याच्या पट्टीनं तो खरवडला आणि पट्टी तशीच तात्यांच्या पुढ्यात धरली. डिझेल जळताना काजळी होते, पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं निसटून ती खाली ऑइलमध्ये उतरते. चांगल्या ऑइलमध्ये अशी द्रव्यं असतात की काजळीचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, ऑइलमध्ये सुटे तरंगत राहतात आणि ऑइल बदलताना त्याच्याबरोबर बाहेर जातात. तात्यांच्या जुन्या ऑइलमध्ये ती ताकद नव्हती. ते तपकिरी दिसायचं, कारण घाण वर न राहता तळाला बसत होती. नव्यानं येताच ती सोडवायला घेतली आणि काळं झालं. डिझेल इंजिनमध्ये ऑइल काळं होणं हा दोष नाही. परत सांगतो, काळं होणं हा दोष नाही. रंगावरून ऑइल कधी फेकू नका.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती इतक्या वेळा सांगितली नसती. तात्या शांत झाले, थोडे खूशही झाले, आणि जाता जाता बोलून गेले, “एक मात्र आहे मिस्त्री, तुमचं हे सिंथेटिक उतरत नाही. उतरायचं सोडा, काडीवर वरच्या खुणेच्याही थोडं वर दिसतंय!”

मिस्त्रींचा हात पुसता पुसता थांबला.

“वर दिसतंय? तुम्ही भर घातली होती का?”

“थेंबसुद्धा नाही.”

मिस्त्रींनी टीपकागद मागवला. बाटलीतल्या ऑइलचा एक थेंब त्यावर सोडला आणि कागद सपाट ठेवला. आम्ही आमच्या कामाला लागलो. ही जुनी चाचणी आहे, कुठल्याही वर्कशॉपमध्ये करता येते. काही तासांनी बघायचं. काजळी मध्यापासून बाहेरपर्यंत सारखी पसरली असेल तर ऑइलमध्ये अजून जीव आहे. मध्ये घट्ट काळा ठिपका आणि त्याची कड धारदार असेल तर ऑइल थकलंय, काजळी धरून ठेवता येईना. आणि काळ्या डागाच्या बाहेर आणखी एक फिकट, पारदर्शक कडं उमटलं तर ऑइलमध्ये डिझेल आहे.

तात्यांच्या कागदावर काजळी छान पसरली होती, आणि बाहेर ते फिकट कडंही होतं.

मिस्त्रींनी बाटली नाकाशी नेली, मग तात्यांच्या नाकाशी. डिझेलचा वास लपत नाही. टाकीतलं डिझेल पुढे ढकलणारा फीड पंप उघडला तर आतला डायफ्राम, म्हणजे पडदा, फाटलेला. टाकीतून येणारं डिझेल नोजलकडे जाण्याऐवजी त्या फाटक्या पडद्यातून थेंब थेंब चेंबरमध्ये उतरत होतं. म्हणून पातळी चढत होती. तात्या ज्याला ऑइलची कमाल म्हणत होते, ती इंजिनची धोक्याची घंटा होती. डिझेलनं ऑइल पातळ होतं, तापल्यावर त्याचा दाब पडतो, बेअरिंग कोरडी चालतात. आणखी काही दिवस तसंच नांगरलं असतं तर क्रॅंक गेला असता.

ऑइल थोडं कमी होणं एकवेळ समजू शकतं. पण ऑइल वाढलं तर आनंद मानू नका. भर न घालता पातळी चढली तर आत डिझेल आहे किंवा पाणी आहे. इंजिन बंद करा आणि मिस्त्री गाठा.

तात्यांनी शेवटी विचारलं, “मग आता परत सिंथेटिकच घालू ना?” मिस्त्री म्हणाले, नको. डायफ्राम बदलला, चेंबर धुतलं आणि साधं मिनरल १५डब्ल्यू-४० घातलं, डिझेलच्या अक्षरांचं. ते नेहमीपेक्षा लवकर काढायला सांगितलं, फिल्टरसकट, म्हणजे उरलेली घाण निघून जाईल. त्यानंतरही साधंच चालू ठेवायला सांगितलं. कारण त्या इंजिनला टर्बो नव्हता, रिंगा झिजलेल्या, थोडं ऑइल जळतच होतं. अशा इंजिनमध्ये महाग ऑइल जाळण्यात काय अर्थ? मला हा सल्ला फार आवडतो.

मग सिंथेटिक कुणी घालावं? टर्बो असलेल्यांनी. टर्बोच्या दांड्याजवळ इतकी उष्णता असते की साधं ऑइल तिथं करपून चिकटतं, सिंथेटिक जास्त टिकतं. (टर्बोवाल्यांनो, घाट चढून आल्या आल्या चावी फिरवू नका. मिनिट-दोन मिनिटं मंद चालू द्या. हे मी प्रत्येक भाषणात सांगतो, तरी थांब्यावर उभा राहिलो की दर दुसऱ्या ट्रकवाल्याची घाई दिसते.) कडाक्याच्या थंडीत पहाटे गाडी काढणाऱ्यांनी घालावं. लांब पल्ल्याच्या, भरून चालणाऱ्या ट्रकांनी घालावं, कारण तिथं ऑइल जास्त काळ चालवता येतं. पण किती काळ, ते गाडी बनवणारा सांगेल. डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. इंजिन तासन्‌तास जागच्या जागी चालत असेल, धूळ असेल, डिझेलमध्ये गंधक जास्त असेल, तर सिंथेटिकसुद्धा लवकर बदलावं लागतं. गंधकातून आम्ल तयार होतं आणि ते मारता मारता ऑइलमधला अल्कलीचा साठा संपतो.

सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असेल तर कमी राखेचंच ऑइल लागतं. अडकलेली काजळी जाळून टाकता येते, पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, ती फिल्टर भरत जाते. एपीआयच्या सीजे-४ आणि सीके-४ मध्ये राखेची मर्यादा १ टक्का आहे. युरोपच्या खुणा असतील तर ई६, ई९, आणि २०२२ पासून ई८, ई११ हे फिल्टरवाल्या गाड्यांचे वर्ग. ई४ आणि ई७ मध्ये राख जास्त चालते. हे सगळं कुठं लिहिलेलं असतं? मागे. डबा उलटा फिरवा.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी आणखी एक. इंजिनचं उरलेलं ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. ऑइलात बुडालेले ब्रेक असतील तर त्यांना वेगळं ऑइल लागतं, नाहीतर ब्रेक आवाज करतात आणि पकड सोडतात. दोन्हीकडे चालणारी ऑइलं मिळतात, पण तसं मागे स्पष्ट छापलेलं असलं तरच. आणि त्या छोट्या बाटल्या, ‘इंजिनची ताकद वाढवा’वाल्या, त्यांच्याबद्दल माझं मत आमच्या निवेदिकाबाईंनी मागच्या वेळी कापलं होतं, म्हणून एवढंच म्हणतो की घालू नका. ऑइलमधली द्रव्यं मोजून-मापून घातलेली असतात, त्यात वरून भर कशाला?

काडी बघायची ती इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून. काढलेलं ऑइल मातीत किंवा ओढ्यात सोडू नका. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि पुन्हा शुद्ध करणाऱ्यांकडे द्या.

पुढच्या वेळी एअर फिल्टर. धूळ आत गेली तर कुठलंच ऑइल लायनर वाचवत नाही, आणि कागदी फिल्टरवर कंप्रेसरची जोरदार हवा मारणाऱ्यांशी मला थोडं बोलायचं आहे. तोवर नमस्कार.