हाक येण्याआधीची तयारी

(दृश्य: मैदान. फांदीवरून दोरी टाकली जाते, तार वर चढते.)

आपत्तीत फोन बंद पडले तरी निरोप पोचवणाऱ्या हॅम रेडिओची, म्हणजे परवाना घेऊन चालवायच्या हौशी बिनतारी संचाची, ही तार साधारण 20 मीटर लांब आहे. मधोमध तोडायची, तोडलेल्या दोन्ही टोकांना संचाकडून येणारी कोॲक्स केबल जोडायची, की 7 मेगाहर्ट्झवर चालणारा डायपोल, म्हणजे दोन भुजांचा, ॲन्टेना तयार. पाहा, तार उंच नेलेली नाही. तीन-चार मीटरवर थांबवली आहे, आणि ती मुद्दाम. इतक्या खाली बांधलेल्या तारेतून लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परततात आणि मधल्या डोंगराला न जुमानता दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. दूरच्या खंडाशी बोलण्याची मौज वेगळी. आपत्तीत बोलायचं असतं ते शेजारच्या जिल्ह्याशी.

रात्री 7 मेगाहर्ट्झचा हाच बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, जवळच्यांना ऐकू येईनासा होतो. म्हणून पिशवीत दुप्पट लांबीची दुसरी तार आहे, साधारण 3.5 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे 80 मीटर तरंगलांबीच्या बँडसाठी.

(दृश्य: कोसळलेला वीजखांब, मागे मोबाईल टॉवर.)

टॉवरला वीज लागते आणि बाकीच्या जाळ्याशी जोडणारी वाट शाबूत लागते. दोहोंपैकी एक गेलं, की टॉवर उभा असूनही मुका. हॅम रेडिओला दोन टोकांना दोन माणसं, दोन संच आणि दोन बॅटऱ्या पुरतात. मध्ये कोणीच लागत नाही.

(दृश्य: टेबलावर पिशवी रिकामी होते. हात एकेक वस्तू उचलतात.)

या हॅम स्वयंसेविकेला कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबतचं ओळखनाव, मिळून फार काळ झालेला नाही. मदतकार्यासाठी अजून ती कधी बाहेर पडलेली नाही. संच, जवळच्या बोलण्यासाठी हातातला व्हीएचएफ संच, जादा फ्यूज, कनेक्टर, इयरफोन, डोक्याला बांधायची बॅटरी, ओल्या कागदावरही उमटणारी पेन्सिल. स्वतःचं पाणी आणि औषधं वेगळी, कारण मदतीला गेलेल्याने मदतछावणीवर भार व्हायचं नाही.

सगळ्यात जड आहे ती 12 व्होल्टची बॅटरी. 100 वॅटचा संच नुसता ऐकताना एखादा अँपिअर घेतो, बोलताना 20 च्या आसपास. म्हणून प्रसारणाची शक्ती ती 25 वॅटवर आणते. समोरच्याच्या मीटरवर सिग्नल जेमतेम एका एस-युनिटने, म्हणजे ताकद मोजायच्या एका पायरीने, उतरतो, आणि बॅटरी कितीतरी जास्त वेळ चालते. हे गणित पिशवी भरतानाच करायचं असतं.

(दृश्य: खोलीतले दिवे जातात. अंधारात कनेक्टर फिरवण्याचा आवाज.)

आता दिवे मालवले आहेत. जोडणी बोटांना पाठ व्हायला हवी.

(दृश्य: वहीवर पेन्सिल. कानात खरखर.)

परवान्याने बोलायचा अधिकार मिळतो. निरोप पोचवण्याची शिस्त सरावानेच अंगी येते, आणि नेमका तोच सराव सगळ्यात आधी टाळला जातो. प्रत्येक निरोपाला क्रमांक, वेळ, पाठवणारा, घेणारा आणि निकड. मजकूर जसाच्या तसा. एक शब्दही आपल्या पदरचा घालायचा नाही, चूक वाटली तर पाठवणाऱ्यालाच विचारायचं. खरखरीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडे सुटे सांगायचे: पाच, नऊ. घेणाऱ्याने निरोप वाचून दाखवल्याशिवाय तो पोचला असं धरायचं नाही.

आणि बोलण्याआधी ऐकायचं. नेट कंट्रोल, म्हणजे या संपर्काची सूत्रं सांभाळणारा हॅम, ज्याला बोलावेल त्यानेच बोलायचं. बटण दाबून क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ती थांबते आहे, पाहा.

(दृश्य: समुद्रकिनाऱ्याची जुनी छायाचित्रं.)

डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद यांचं हॅम पथक हौशी प्रसारणाच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होतं. 26 तारखेला त्सुनामी आली. मोहीम थांबली आणि तेच संच, त्याच तारा अंदमानचे निरोप मुख्य भूमीला पोचवू लागल्या. साधनं तयार होती, ती चालवणारी माणसंही सरावातली होती. आपत्तीच्या प्रत्येक रंगीत तालमीत हॅम मंडळींना जागा द्या, असं आम्ही म्हणतो ते याचसाठी.

(दृश्य: फोन वाजतो. पिशवी खांद्यावर.)

पूर आला आहे, बोलावणं आलं. आपणहून कोणी निघत नाही. प्रशासन मागेल तेव्हा आणि सांगेल तिथेच जायचं.

(दृश्य: छावणी. माणसांची रांग, चेहरे.)

पूर ओसरेपर्यंत निरोप जात राहिले, औषधं आली, बेपत्ता लोकांच्या याद्या जुळल्या.

(दृश्य: दुसरा स्वयंसेवक खुर्चीत बसतो. ती वही पुढे करते.)

पाळी बदलते आहे. कोणता निरोप गेला, कशाचं उत्तर यायचं आहे, बॅटरी किती उरली, सगळं वहीत आहे. तो वाचतो, इयरफोन चढवतो आणि नेट कंट्रोलला आपला कॉलसाइन सांगतो.